संज्ञा पाठ आहेत, आता पुढे

चि. सोनू,


तुझी डिझाइनच्या संज्ञांची वही पाहिली. व्याख्या चोख आहेत. आता प्रत्येक शब्दापुढे एवढंच लिही: हे चुकलं तर कोणाचं अडतं?

ब्लीड घे. कटिंगच्या वेळी कागद थोडाफार सरकतोच. म्हणून पार्श्वभूमीचा रंग कडेबाहेर साधारण 3 मिमी वाढवून द्यायचा, नाहीतर पत्रिकेच्या कडेला पांढरी रेघ दिसते. रंगाचंही तसंच. आरजीबी पडद्यावरचा झगझगीत हिरवा सीएमवायके शाईत मंदावतो. गिऱ्हाइकाला हे छपाईआधी सांग.

अक्षरांच्या बाबतीत जास्त जप, कारण तुझी पुस्तकं रोमन लिपी धरून लिहिलेली आहेत. कर्निंग म्हणजे ठरावीक दोन अक्षरांमधलं अंतर, ट्रॅकिंग म्हणजे सरसकट सगळ्यांमधलं. रोमन कॅपिटल अक्षरं ट्रॅकिंग वाढवल्यावर ऐटदार दिसतात. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. लेडिंग, म्हणजे ओळींमधलं अंतर, आपल्याला जास्तच लागतं. वरच्या ओळीत ‘कुटुंब’ आणि त्याखाली ‘मूर्तींचं’ लिहून बघ. वरचा उकार आणि खालचा रफार-अनुस्वार एकमेकांत अडकले, तर वाचणारा अडखळणार.

पडद्यावर काम करताना आकडे लक्षात ठेव. डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या नियमावलीच्या एए पातळीनुसार साध्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट किमान 4.5:1 हवा, मोठ्या अक्षरांना 3:1 चालतो. फिकट राखाडी अक्षरं तुला नाजूक वाटतील, उन्हात फोन धरलेल्या आजोबांना ती दिसणारच नाहीत. बटणाची दाबायची जागा अ‍ॅपल किमान 44 पॉइंट सुचवतं, गूगल 48 डीपी.

अफॉर्डन्स हा मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांचा शब्द. डॉन नॉर्मन यांच्या 1988 च्या पुस्तकामुळे तो डिझाइनमध्ये रुळला. पुढे नॉर्मन यांनीच सिग्निफायर वेगळा काढला. टचस्क्रीन कुठेही दाबता येतो, ही अफॉर्डन्स. नेमकं कुठे दाबायचं ते दाखवणारी खूण म्हणजे सिग्निफायर. नवशिक्याच्या अ‍ॅपमध्ये हीच खूण हटकून राहून जाते.

आणि हे शब्द गिऱ्हाइकावर फेकू नकोस. “जरा उठाव द्या,” असं ते म्हणेल. तेव्हा हायरार्कीवर व्याख्यान न देता विचार, “लोकांनी आधी काय वाचावं?” ते तारीख म्हणालं, तर तारीख मोठी कर आणि बाकीचं आवर. सगळंच मोठं हवं म्हणालं, तर तिथे मात्र नम्रपणे अडून बस.

तुझी,
आत्या