फोटो दाखवताना, फोटो बघताना

कॅमेरा कोणता घ्यावा, लेन्स कोणती घ्यावी, असं विचारणारी पत्रं या खेपेला फार थोडी आली. बहुतेकांचा प्रश्न फोटो काढून झाल्यानंतरचा आहे. फोटो ग्रुपवर टाकला, चार जणांनी पाहिला, पुढे काय? म्हणून या वेळचं सदर त्या पत्रांसाठीच राखून ठेवलं आहे.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. छंद म्हणून मोबाईलवर फोटो काढते आणि हौशी छायाचित्रकारांच्या ग्रुपवर टाकते. ‘अप्रतिम’, ‘मस्त क्लिक’, जोडलेले हात आणि टाळ्या यापलीकडे काही मिळत नाही. कौतुक आवडतं, पण माझा फोटो नेमका कुठे कमी पडतो ते कुणी सांगत नाही. चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या आजेसासूबाईंचा फोटो सोबत पाठवते आहे. (एक वाचक, जत)

आधी तुमचा फोटोच बघू. खिडकी चौकटीबाहेर डावीकडे आहे आणि तिचा तिरपा उजेड आजींच्या हातांवर पडला आहे. त्यामुळे हातांवरच्या शिरा, भाकरीवर उमटलेली बोटं, काठवटीच्या कडेला सांडलेलं पीठ असं सगळं स्पष्ट दिसतं. आजींचं लक्ष पूर्णपणे भाकरीकडे आहे, त्यांना तुमची जाणीवही नाही. हे सहज साधत नाही. घरातलं माणूस फोटो काढतंय म्हणूनच ते साधलं.

आता अडतं कुठे ते सांगते. मागच्या मांडणीवरचे स्टीलचे डबे त्याच उजेडात चकाकतात आणि माझी नजर पहिल्यांदा तिकडे जाते. तिथून ती आजींकडे येते, पण त्यांच्या चेहऱ्याची चुलीकडची बाजू इतकी काळी आहे की डोळा शोधावा लागतो. काठवट खालच्या कडेला कापली गेली आहे, ते मला फारसं खटकलं नाही.

डबे हलवायची गरज नव्हती. तुम्ही दोन पावलं उजवीकडे सरकून आजींच्या उंचीला बसला असतात, तर बरेचसे डबे त्यांच्या पाठीआड गेले असते. मग चेहऱ्यावर बोट दाबून धरायचं, म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर तिथे पक्के होतात. राहिली काळी बाजू. त्यासाठी दिव्याची गरज नाही, थांबायची गरज आहे. आजी फुंकणी उचलतील, जाळ उफाळेल आणि चेहऱ्याची नेमकी तीच बाजू उजळेल. तो उजेड क्षणभरच टिकतो, म्हणून बोट बटणावर तयार ठेवायचं. पुन्हा काढून पाहा आणि मला पाठवा.

एवढं सगळं ग्रुपवर कुणी का लिहीत नाही? लोकांना कळत नाही म्हणून नव्हे. तुम्ही पाच-सहा फोटो एकदम टाकता, सोबत फक्त ‘माझा प्रयत्न’ असं लिहिता. बघणाऱ्याला वाटतं, यांना दाद हवी आहे, आणि तो दाद देऊन पुढे जातो. एका वेळी एकच फोटो टाका. त्यातून काय दाखवायचं होतं ते एका ओळीत लिहा आणि प्रश्नही एकच विचारा. ‘कसा वाटला?’ या प्रश्नाचं उत्तर ‘छान’ असंच येणार. ‘तुमची नजर आधी कुठे जाते?’ असं विचारून पाहा. या प्रश्नाला तंत्राची काहीही माहिती नसलेला माणूससुद्धा खरं उत्तर देऊ शकतो, आणि चार जणांनी ‘डब्यांकडे’ म्हटलं की तुम्हाला हवं ते कळलेलं असतं.

शिवाय शेकडो सभासदांच्या ग्रुपकडून फार अपेक्षा ठेवू नका. त्यातले पाच-सहा जण निवडून वेगळा छोटा गट करा. एकमेकांची चित्रं पाहून त्यावर बोलायची रीत आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली, आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे भारतीय सभासद त्या काळात तिच्यात होते. ब्रिटनमध्ये तर टपालाने चालणारी मंडळं होती. सभासदांच्या फोटोंची पेटी एकाकडून दुसऱ्याकडे फिरायची, प्रत्येकानं इतरांच्या फोटोवर आपलं मत लिहायचं, आपला नवा फोटो आत ठेवायचा आणि पेटी पुढे रवाना करायची. त्यात ‘छान’ एवढंच लिहून पेटी पुढे ढकलणं शोभलं नसतं, कारण ती पुन्हा फिरून आपल्याच दारात येणार असे. छोट्या गटात हेच घडतं. आज तुम्ही कुणाच्या फोटोवर मन लावून लिहिलंत, तर उद्या तोही तुमच्या फोटोपाशी थांबतो.

मी निवृत्त अभियंता आहे. फोटोग्राफी अनेक वर्षांची. ग्रुपवर खरं बोललं की लोकांना राग येतो. परवा एका कॉलेजातल्या मुलानं समुद्रावरचा फोटो टाकला. मी लिहिलं, ‘क्षितिज वाकडं, विषय नाही, क्रॉप चुकीचा.’ त्यानं फोटो काढून टाकला आणि ग्रुपही सोडला. खोटं कौतुक करायचं का? (एक वाचक, ठाणे)

खोटं कौतुक अजिबात करू नका. पण तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टींत खरं म्हणता येईल अशी एकच आहे. क्षितिज वाकडं आहे, हे कुणालाही मोजून दाखवता येतं. ‘विषय नाही’ हा निकाल आहे. तो ऐकून त्या मुलानं पुढच्या वेळी नेमकं काय वेगळं करायचं? ‘क्रॉप चुकीचा’ म्हणताना बरोबर कोणता असता, तेही तुम्ही सांगितलं नाहीत.

तो फोटो तुम्ही मला पाठवलात, हे बरं केलंत. डावीकडे मावळता सूर्य, उजवीकडे वाळूवर ओढलेली होडी, आणि मध्ये जाळं सोडवणारे दोघे, तेही अगदी लहान. मी त्याला लिहिलं असतं ते असं: ‘माझी नजर सूर्याकडून होडीकडे आणि होडीकडून सूर्याकडे जात राहिली. जाळं सोडवणारी माणसं मला खूप उशिरा दिसली आणि दिसल्यावर तीच सगळ्यांत आवडली. तुला त्यांचाच फोटो काढायचा होता का? तसं असेल तर पुढच्या वेळी त्यांच्या जवळ जा, त्यांच्याशी दोन शब्द बोल आणि सूर्य त्यांच्या मागे घे.’ क्षितिजाबद्दल शेवटी अर्ध वाक्य पुरे होतं. ते मोबाईलवरही काही सेकंदांत सरळ होतं.

माझ्या मते हा भेद सगळ्यांत महत्त्वाचा आहे. काही चुका घरी बसून दुरुस्त होतात: वाकडं क्षितिज, थोडा अंधार, कडेला आलेली तार. काही गोष्टी तिथे, त्या क्षणीच करायच्या असतात: उभं कुठे राहायचं, किती जवळ जायचं, कशाची वाट पाहायची. जाणकार माणसानं आपले शब्द दुसऱ्या प्रकारासाठी राखून ठेवावेत. वाकड्या क्षितिजावर सगळे बोलतात, पण ‘तू दहा पावलं पुढे जायला हवं होतंस’ हे अनुभवी नजरच सांगू शकते, आणि ती तुमच्याकडे आहे.

आणखी दोन गोष्टी. दुसऱ्याचा फोटो त्याला न विचारता आपल्या मोबाईलवर ‘सुधारून’ ग्रुपवर टाकू नका. हेतू कितीही चांगला असला तरी ते अपमानास्पद वाटतं. आणि विषय चौकटीच्या एक तृतीयांशावर नाही, एवढ्यावरून फोटो नापास करू नका. नवख्याला तो नियम आधार देतो, पण जाणकारानं त्याची छडी करू नये. सगळ्यांसमोर झोडपलं गेलेलं पोर एकतर हा छंद सोडतं, नाहीतर सुरक्षित फोटो काढायला लागतं: तोच कोकणकडा, तोच सूर्योदय, तीच पाण्यातली सावली. त्यानं पुन्हा कधी जाळ्यापाशी बसलेल्या माणसांकडे कॅमेरा वळवला नाही, तर मला फार वाईट वाटेल. त्या मुलाचा नंबर तुमच्याकडे असेलच. त्याला फोन करा, माणसांविषयी वर लिहिलंय ते तुमच्या शब्दांत सांगा आणि आधी जे लिहिलंत त्याबद्दल वाईट वाटतं असंही म्हणा. मग ग्रुपवरही तेवढं लिहा, कारण बाकीचे नवखे वाचत असतात.

लॅपटॉपवर फोटो झकास दिसतो, पण व्हॉट्सॲपवर गेला की मळकट आणि अस्पष्ट दिसतो. लोक म्हणतात फोकस चुकलाय. दोष कुणाचा? (एक वाचक, लातूर)

बहुधा फोकसचा नाही. व्हॉट्सॲप फोटो लहान करून, दाबून पाठवतं. एचडी पर्याय निवडलात तर फरक पडतो, पण दाबणं पूर्ण थांबत नाही. बारीक तपशिलावर अभिप्राय हवा असेल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, तो जसाच्या तसा जातो. मात्र मूळ फाइल अशी पाठवली की तिच्यासोबत फोटो कुठे आणि केव्हा काढला ही माहितीही जाते. ती जाऊ देणं कधी धोक्याचं ठरतं, ते पुढच्या पत्रात आहे.

मळकट रंगांचं कारण वेगळं असू शकतं. कॅमेऱ्यात किंवा सॉफ्टवेअरमध्ये रंगपट्टा ‘अडोबी आरजीबी’ ठेवला असेल तर काही ॲपमध्ये रंग फिके दिसतात. ऑनलाइन दाखवायच्या फोटोंसाठी ‘एसआरजीबी’ निवडा. आणखी एक पाहा. रात्री खोली अंधारी करून, स्क्रीन पूर्ण उजळ ठेवून फोटोवर काम करता का? तसं केलं की आपण फोटो नकळत गडद करतो आणि दिवसा दुसऱ्याच्या मोबाईलवर तो काळवंडलेला दिसतो. स्क्रीनची उजळता मध्यम ठेवा आणि हिस्टोग्राम पाहायची सवय लावा.

आम्ही कोकणात राहतो. घरामागच्या ओढ्याच्या काठात तिबोटी खंड्याचं घरटं आहे. पिलांसाठी पाल घेऊन आलेल्या खंड्याचा फोटो टाकला आणि भरभरून कौतुक झालं. आता रोज कुणी ना कुणी जागा विचारतं. सांगितली नाही तर ‘एवढा भाव कशाला?’ असं ऐकवतात. काय करू? (एक वाचक, महाड)

सांगू नका. कुणालाही, कितीही जवळचा असला तरी.

तिबोटी खंड्या पावसाच्या सुरुवातीला आपल्याकडे येतो आणि ओढ्याच्या किंवा रस्त्याकडेच्या मातीच्या काठात आडवं बीळ खोदून घरटं करतो. नर-मादी दोघंही पिलांना भरवतात. बिळासमोर माणसं उभी असली की पक्षी भक्ष्य चोचीत धरून लांबच्या फांदीवर बसून राहतो, आत जात नाही. म्हणजे पाऊण तास पाच जण कॅमेरे रोखून बसले तर तेवढा वेळ आत पिलं उपाशी असतात. वर चांगली ‘बैठक’ मिळावी म्हणून कुणी बिळासमोर काटकी रोवतं, कुणी आड येणारी फांदी तोडतं. घरटं उघडं पडलं की साप आणि मुंगूस यांनाही वाट सोपी होते.

तुम्ही फोटो काढलात तो घराच्या मागच्या दारातून, लांबून. तरी पुढे तीन गोष्टी करा. मोबाईलच्या कॅमेऱ्यात जागेची नोंद बंद करा. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवू नका. आणि पिलं उडून जाईपर्यंत घरट्याचा कुठलाही नवा फोटो टाकू नका. पक्ष्यांची नोंद ठेवायची असेल तर आय-नॅचरलिस्टसारख्या ठिकाणी नोंदीची नेमकी जागा लपवायची सोय आहे. तिथे धोक्यात असलेल्या प्रजातींची जागा तर आपोआपच धूसर केली जाते, आणि त्यामुळे नोंदीची किंमत कमी होत नाही.

भाव खाण्याच्या आरोपाला उत्तर देत बसू नका. ‘घरट्याची जागा मी कुणालाच सांगत नाही’ एवढं एकदा लिहा. बाकीच्यांनाही माझी विनंती आहे: घरट्याच्या फोटोखाली टाळ्या वाजवू नका. ‘कुठे?’ विचारायच्या आधी ‘किती अंतरावरून?’ असं विचारा. आपल्या कौतुकामुळेच पुढचा फोटोवाला त्या ओढ्यावर जातो.

जत्रेतल्या पालखीचा मी काढलेला फोटो ग्रुपवर टाकला होता. एका स्थानिक कॅलेंडरवर तो छापलेला दिसला, माझं नाव नाही, विचारलंही नाही. ‘ग्रुपवर टाकला म्हणजे सगळ्यांचा झाला’ असं त्यांचं म्हणणं. खरं आहे का? (एक वाचक, कोपरगाव)

खरं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा हक्क तो काढल्याक्षणीच निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. ग्रुपवर टाकल्यानं तो जात नाही. फोटो काढणाऱ्याच्या हयातभर आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं तो टिकतो. याच कायद्याच्या कलम ५७ नुसार निर्मात्याला आपलं नाव मागण्याचा हक्क आहे. एक अपवाद लक्षात ठेवा: कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क त्या माणसाचा असतो. तुमच्या पालखीच्या बाबतीत तसं काही नाही.

म्हणून ग्रुपवर दाखवणं सोडू नका. मोठी फाइल मात्र ठेवू नका. लांब बाजू दीड-दोन हजार पिक्सेलची असली की स्क्रीनवर अभिप्राय द्यायला ती पुरते, मोठ्या छपाईला मात्र कमी पडते. कोपऱ्यात बारीक नाव टाकलंत तर हरकत नाही. फोटोवर मधोमध आडवं नाव मात्र नको, कारण त्यावर कुणी धड बोलूच शकत नाही. कॅलेंडरवाल्यांना आधी साधं पत्र लिहा: फोटो माझा आहे, पुढच्या छपाईत नाव द्या आणि मानधन द्या. मूळ फाइल तारखेसह जपून ठेवा आणि पत्रासोबत पाठवायची असेल तर तिची लहान प्रतच पाठवा.