मुगाच्या तीन करवंट्या

बीजांकुरणाचा प्रयोग आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. बहुधा तो शिक्षक मांडतात आणि मुले पाहतात. तो मुलांच्याच हाती सोपविला असता काय घडते, याचा एक अनुभव शिक्षक बंधुभगिनींपुढे ठेवावासा वाटतो.

साहित्यास खर्च नाही. सारख्या आकाराच्या तीन करवंट्या, उन्हात खडखडीत वाळविलेली एकाच ठिकाणची माती, आणि प्रत्येकीत मुगाचे 10 दाणे. पहिलीस पाणी व उजेड. दुसरीस तितकेच पाणी, पण ती झाकलेल्या खोक्यात. तिसरी उजेडात, पण कोरडी. पहिलीशी ताडून पाहताना फरक एकाच गोष्टीचा असावा, बाकी सर्व समान, हे मुलांस समजावण्यास फार वेळ लागत नाही. विटीदांडूच्या डावात दोन्हीकडे भिडू सारखे हवेत, हे त्यांस आधीच ठाऊक असते.

प्रस्तुत लेखकाने चौथीच्या वर्गाचे तीन गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकून एकेका गटास एकेक करवंटी दिली. सातव्या दिवशी कोरड्या करवंटीतही अंकुर दिसले! त्या गटातील एका मुलाने तिसऱ्या दिवशी चोरून पाणी घातले होते. वर्गात एकच गलका झाला, "गुरुजी, ह्याने लबाडी केली!" मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "सगळ्यांचे मूग उगवणार, आमचेच तेवढे मरणार होते."

या उत्तराने विचार करावयास लावले. दाण्यांविषयीची त्याची कळकळ खरी होती आणि प्रयोग बिघडला, हेही खरे होते. परंतु मूळ चूक शिक्षकाची होती. करवंट्या गटांच्या मालकीच्या करताच प्रयोगाची शर्यत झाली, आणि एका गटाच्या वाट्यास हार आधीच लिहून ठेवली गेली.

शिक्षा न करता प्रयोग पुन्हा मांडला. या वेळी करवंट्या साऱ्या वर्गाच्या. पाणी घालणे, फूटपट्टीने मोजणे आणि वहीत नोंद करणे ही कामे रोज पाळीने फिरविली. (एरवी सुवाच्य अक्षराचा मुलगा नेहमी लिहितो आणि पाणी आणणे व झाडलोट मुलींकडे जाते. ही वाटणी आपण होऊन मोडावी लागते.)

खोक्यातील रोपे पहिल्या करवंटीतील रोपांहून उंच, पण पिवळसर व लेचीपेची निघाली. आता कोणाचा गट जिंकला, असे कोणी विचारले नाही. उंच असून पिवळी का, असे विचारले. दाण्याच्या डाळिंबीत साठविलेल्या अन्नावर रोप काही दिवस वाढते; उजेडाअभावी हरितद्रव्य बनत नाही, आणि खोड मात्र उजेडाकडे पोहोचावयास लांबत जाते.

तिसऱ्या करवंटीतील मूग आठ दिवस जसेच्या तसे राहिले. "मेले का ते?" असे विचारताच वर्गात दोन मते पडली. तेव्हा नवव्या दिवशी तिलाही पाणी द्यावयाचे ठरले, आणि चार दिवसांत बहुतेक दाण्यांस अंकुर फुटले. कोरडा दाणा मेलेला नसतो, पाण्याची वाट पाहत असतो, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले.

ते पहिले पाणी कोणी घालावे, हे मुलांवरच सोपविले होते. वर्गाने त्याच मुलाच्या हाती तांब्या दिला.