दहा कोंबड्यांचा खरा हिशेब

परसात दहा कोंबड्या पाळायच्या तर किती खर्च येईल, असे वर्धा, देवळी, सेलूकडच्या घरांतून नेहमी विचारले जाते. जातीपेक्षा हे अंगणावर जास्त अवलंबून असते. कोंबडीला उकिरड्यावर, गोठ्याभोवती, कुंपणाच्या कडेने किती चरता येते आणि रात्री खुराड्याचे दार किती पक्के लागते, यावर पैसा राहतो किंवा जातो. पुढचे दर मी हिशेबासाठी धरले आहेत. तुमच्या बाजारात विचारून आकडे बदला, रीत तीच राहील.

गिरिराजा, वनराजा किंवा ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जातीची महिनाभराची २० पिल्ले घ्या. एक दिवसाचे पिल्लू स्वस्त मिळते, पण त्याला पहिले काही आठवडे बल्बची ऊब आणि सतत लक्ष लागते. घरात दिवसभर माणूस नसेल तर त्या फंदात पडू नका. एका पिल्लाचे १०० धरले तर २,००० रुपये. बांबू, जुने पत्रे आणि बारीक जाळी वापरून गावच्या सुताराकडून केलेले खुराडे ४,००० पर्यंत जाते. भांडी ५००, लस आणि जंताचे औषध ५००. अंडी सुरू होईपर्यंत सगळ्यांना मिळून साधारण ८० किलो खाद्य विकत लागते, ४० रुपये किलोने ३,२००. एकूण झाले १०,२००.

विसात निम्मे नर निघतात, हे विक्रेता सांगत नाही. दोन पिल्ले दगावतील असे धरून चाला. उरल्या नऊ कोंबड्या आणि नऊ कोंबडे. त्यातला एक ठेवून आठ कोंबडे चार-साडेचार महिन्यांचे झाले की ४५० रुपयांनी विका, ३,६०० परत येतात. म्हणजे पहिले अंडे हाती येईपर्यंत तुमचे ६,६०० रुपये अडकलेले असतात.

पुढचा महिन्याचा हिशेब सोपा आहे. चरणाऱ्या पक्ष्याला रोज ५० ग्रॅम दाणा पुरतो. दहा पक्ष्यांना महिन्याला १५ किलो. ज्वारी, तांदळाची कणी आणि तुरीची चुरी मिसळून ३५ रुपये किलोने ५२५. चुनखडी आणि औषधाचे ७५ धरा, ६०० झाले. सुधारित कोंबडीने परसात वर्षाला १२० अंडी दिली तर नऊ कोंबड्यांची महिन्याला ९० अंडी, दहा रुपयांनी ९००. हाती उरतात ३००. अडकलेली रक्कम सुटायला पावणेदोन-दोन वर्षे जातात, तीही एकही कोंबडी गेली नाही तर.

याच कोंबड्या जाळीत कोंडल्या तर प्रत्येक पक्ष्याला रोज १२० ग्रॅमच्या आसपास खाद्य लागते. महिन्याला ३६ किलो, म्हणजे १,२६० रुपये, आणि अंडी ९०० चीच. लेआउटमधल्या घरात, जिथे कोंबडी बाहेर सोडताच येत नाही, तिथे घरची अंडी हौसेने खावीत, मिळकत म्हणून धरू नयेत.

निव्वळ गावरान कोंबडीचे गणित वेगळे आहे. ती वर्षाला साठेक अंडी देते, पण खुडूक बसते आणि २१ दिवसांत पिल्ले काढते. सुधारित जाती बहुधा बसत नाहीत. एका उबवणीतली सहा पिल्ले मोठी होऊन ४०० रुपयांनी गेली तर २,४०० येतात, तेही बाजारचे खाद्य फारसे न लागता. अंडी हवी असतील तर सुधारित, पिल्ले विकायची असतील तर गावरान. माझा सल्ला सातास तीन असा मेळ ठेवण्याचा आहे, कारण गावरान कोंबडी दुसरीची अंडीही उबवते.

नुसती अंडी हवी असतील तर कोंबड्याची गरज नाही. तो नसेल तर अंडी फळत नाहीत, आणि काही शाकाहारी घरांना ती चालतात. गांधीजींनीही १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत आरोग्यावर लिहिताना, दूध घेणाऱ्याने असे अंडे टाळण्याचे कारण नाही, असे मत मांडले होते. पहाटेच्या आरवण्यावरून शेजाऱ्यांशी होणारी भांडणेही टळतात.

खुराड्यावर मात्र हात आखडू नका. मुंगूस, रानमांजर, भटके कुत्रे आणि साप हे खुराड्याचे चोर. मोठ्या भोकांच्या जाळीतून मुंगूस सहज शिरते. अर्ध्या इंचाची जाळी लावा, तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ठेवा, दाराला कडी आणि खिटी दोन्ही हव्यात. बोर जंगलाच्या कडेच्या गावांत तर संध्याकाळी पक्षी मोजून दार लावण्याचे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या. पिल्ले दिवसा घारीपासून सांभाळायची, तर बुरडाकडून घेतलेले बांबूचे डाले पुरते. एका रात्रीत पाच कोंबड्या गेल्या तर महिन्याची ५० अंडी गेली, आणि दाण्याचा खर्च वजा केला तरी महिन्याची शिल्लक जवळजवळ संपली.

वर्ध्याचा मे महिना माणसाला सोसत नाही, कोंबडीला तर घामही येत नाही. पारा चढला की ती चोच उघडून धापा टाकते आणि भारी सुधारित पक्षी आधी दगावतात. खुराडे झाडाखाली हवे, पत्र्यावर तुराट्या किंवा पऱ्हाट्या पसरा, बाजूला ओले पोते लावा पण वारा अडवू नका. पाणी मातीच्या भांड्यात ठेवून दिवसातून तीन-चारदा बदला. दाणा पहाटे आणि सांजेला द्या, भर दुपारी नको. एप्रिल-मेमध्ये कोंबडी अंड्यांवर बसवू नका, उन्हाने अंडी आधीच बिघडलेली असतात.

आपल्या कपाशी-सोयाबीनच्या पट्ट्यात आणखी एक धोका आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. पेरणीच्या दिवसांत औषध चोळलेले रंगीत बियाणे सांडते. कोंबडी ते टिपते आणि मरते. बियाण्याची रिकामी पाकिटे, सांडलेले दाणे अंगणात राहू देऊ नका. फवारणी झालेल्या शेतात कोंबड्या काही दिवस सोडू नका. सरकीची ढेप कोंबडीला घालू नये. सोयाबीन कच्चे कधीच नको, भाजून थोडे चालते.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की गल्ली रिकामी होते. पहिल्या आठवड्यात लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात इंजेक्शन. पिल्ले घेताना कोणत्या लसी झाल्या ते लिहूनच घ्या. लसीची कुपी बहुधा शंभर मात्रांची असते आणि विरघळवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून दहा कोंबड्यांसाठी एकट्याने आणणे परवडत नाही. गल्लीतल्या सात-आठ घरांनी एक दिवस ठरवून पशुवैद्यकीय दवाखान्यातून बर्फात आणली तर प्रत्येकी खर्च किरकोळ होतो. एकाच वेळी बरेच पक्षी मेले तर ते नाल्यात फेकू नका, विकूही नका, लगेच दवाखान्याला कळवा. २००६ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू निघाला तेव्हा आजूबाजूच्या परसातल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या होत्या.

पिल्ले कधी घ्यावीत? पोळा झाल्यावर. तेव्हा घेतलेले महिन्याचे पिल्लू फेब्रुवारीच्या सुमारास अंड्यावर येते आणि उन्हाळ्याला तयार पक्षी म्हणून सामोरे जाते. नागपूरच्या शासकीय अंडी उबवणी केंद्रात आधी नोंदणी करावी लागते, म्हणून श्रावणातच फोन करा, आणि अनुदानाची योजना सुरू आहे का ते पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना त्याच फेरीत विचारून घ्या. गाडीवरून गावोगाव फिरणाऱ्याकडून घेत असाल तर पिल्लाचे डोळे, नाक आणि शेपटीखालची जागा कोरडी आहे का ते बघा, आणि घरच्या कोंबड्यांत मिसळण्यापूर्वी त्यांना दोन आठवडे वेगळे ठेवा.