आधी खाली बघ

अगं, शेवग्यापाशी जाण्याआधी जमिनीकडे बघ. मोहरीएवढ्या काळ्या लेंड्या पडलेल्या दिसल्या की समज, वर सुरवंट आहेत. मग त्या फांदीखाली उभी राहू नकोस. मला हे आजीनं सांगितलं होतं. एकदा ऐकलं नाही, तर मान दोन दिवस चुरचुरत होती.

शेवग्याचे सुरवंट रात्री वर चढून पाला खातात आणि दिवसा खोडावर एकमेकांना चिकटून बसतात. लांबून सालीवर घोंगडीचा तुकडा चिकटवल्यासारखं दिसतं. म्हणून दिवसा फांद्या धुंडाळू नकोस, खोड बघ. हात पाठीमागे बांध आणि वाऱ्याकडे पाठ कर, म्हणजे त्यांचे सुटलेले केस तुझ्याकडे उडायचे नाहीत. फोनमध्ये मोठं करून पाहिलंस तर उत्तम. भिंग हातात आलं की माणूस नकळत पुढं वाकतो.

एखादा दिवसभर हलला नाही, तर मेला म्हणून काडीनं ढोसू नकोस. बहुतेकदा तो कात टाकायच्या बेतात असतो. त्या कातीलाही केस असतात, आणि पुष्कळ जातींचे सुरवंट कोषातसुद्धा स्वतःचे केस विणतात. तेव्हा रिकामा कोषही बोटानं उचलायचा नाही.

कधी सुरवंटाच्या अंगावर तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे दाणे दिसतील. ती अंडी नव्हेत; अंडी घालते ती पतंगाची मादी. ते दाणे म्हणजे गांधीलमाशीच्या गोतातल्या एका बारीक माशीचे कोष. तिच्या अळ्या सुरवंटाला आतून खाऊन बाहेर येतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्या जिवाची फार कीव आली होती. अजून येते.

आंब्याच्या पानावर हिरवीगार अळी दिसली, पाठीवर निळसर पट्टा, काट्यांचे झुबके आणि पाय दिसतच नाहीत, तर तिच्यापासून आणखी लांब राहा. तिचे केस नव्हेत, विषारी काटे असतात.

केस लागलेच, तर चोळू नकोस. चोळलं की ते आत रुततात. आमच्याकडे घोंगडीनं पुसायचे. मी चिकटपट्टी लावून अलगद ओढते, दोन-चारदा, दर वेळी नवी. मग साबणानं धुवायचं, कपडे बदलायचे. केस डोळ्यात गेला तर पाण्यानं धुऊन थेट डॉक्टरांकडे.

माझे वडील खोडावरचे पुंजके पलित्यानं जाळायचे. मी ते बंद केलं. पावसाबरोबर येणारा चातक याच केसाळ सुरवंटांवर जगतो. एक उचलतो, चोचीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दाबत नेतो, आतडं पिळून काढतो आणि मगच गिळतो. सकाळी लवकर उठलीस तर ओसरीवरून दिसेल.