विमा उतरवण्यापूर्वी: पुतण्यास पत्र



सांगलीत गृहकर्ज काढून सदनिका घेतल्यानंतर बँकेने, ओळखीच्या एजंटाने आणि कार्यालयातील सहकाऱ्याने सुचवलेल्या तीन पॉलिसींपैकी कोणती घ्यावी, हा चिरंजीव पुतण्याने काकांना विचारलेला प्रश्न थोडा बदलून घ्यायला हवा. कोणता आघात या कुटुंबाला स्वतःच्या बचतीतून सोसता येणार नाही, हे आधी ठरवावे लागते. कारण जी झळ चार-सहा महिन्यांच्या काटकसरीत भरून निघते तिच्यासाठी हप्ता भरणे बहुधा व्यर्थ असते, आणि ज्या नुकसानीने संसारच बसतो तिच्यासाठीचा हप्ता कितीही जिवावर आला तरी चुकवता येत नाही.

घरात मिळवता हात एकच असल्याने पहिला विचार आयुर्विम्याचा. येथे मुदत विमा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत विमेदाराचा मृत्यू झाल्यासच रक्कम देणारा आणि मुदत सुखरूप पार पडल्यास काहीही परत न करणारा विमा, हाच योग्य ठरतो. त्यात ‘पैसे बुडतात’ हा आक्षेप चिरंजीवाच्या मातोश्रीही घेतील; परंतु बचतीची जोड दिलेल्या पॉलिसीत तेवढ्याच हप्त्यात मिळणारे संरक्षण फारच तोकडे असते, आणि बचतीसाठी इतर मार्ग मोकळे असतातच. समजा कर्ज ३५ लाखांचे, घरखर्च वर्षाला ६ लाखांचा आणि मुलगी कमावती होण्यास १५ वर्षे अवकाश असेल, तर महागाई न धरताही गरज सव्वा कोटीची होते. त्यातून शिल्लक बचत वजा करावी, मात्र कंपनीने काढलेला गट विमा वजा धरू नये, कारण तो नोकरीबरोबर संपतो. बँकेने पुढे केलेली कर्जसंलग्न पॉलिसी ही बहुधा कर्जासोबत घटत जाणारी असते, तिचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवून त्यावर व्याज आकारले जाते, आणि ती घेतल्याशिवाय कर्ज मिळणार नाही असे सांगितले गेले तरी कायद्याने तशी सक्ती नाही.

आरोग्य विम्यात लोक विम्याची रक्कम पाहतात आणि खोलीभाड्याची मर्यादा वाचायची सोडतात. समजा पॉलिसी ५ लाखांची असून दररोजचे खोलीभाडे विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ५,००० रुपयांपर्यंतच मान्य आहे, आणि रुग्ण १०,००० रुपयांच्या खोलीत राहिला. तर कंपनी केवळ भाड्यातील फरक कापून थांबत नाही, तर शल्यविशारदांचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचे भाडे अशा खोलीच्या दर्जानुसार वाढणाऱ्या खर्चांतही त्याच प्रमाणात, येथे निम्म्याने, कपात करते. औषधे आणि शरीरात बसवलेली उपकरणे यांना ही प्रमाणशीर कपात लागू होत नाही, तरीही उरलेला बोजा लहान नसतो. म्हणून अशी मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग असली तरी पत्करावी. आईवडिलांचा विमा वेगळा काढावा, कारण संपूर्ण कुटुंबाच्या सामाईक पॉलिसीचा हप्ता साधारणपणे सर्वांत वयस्क सदस्याच्या वयावर ठरतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे छत्र ५ लाखांचे असले तरी ते संलग्न रुग्णालयांपुरते आणि यादीतील उपचारांपुरते असते, त्यामुळे त्याकडे पाया म्हणून पाहावे, पर्याय म्हणून नव्हे. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विमा यांच्या हप्त्यांवरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे. एजंटाच्या जुन्या कोष्टकात तो मिळवलेला असेल, तर आकडे नव्याने मागवावेत.

वडिलांचा मधुमेह प्रस्ताव अर्जात लिहू नये, असे सुचवणाऱ्या एजंटाला निरोप देणेच बरे. विम्यापूर्वीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षा काल, म्हणजे त्या आजारावरील खर्च मिळू न शकणारा सुरुवातीचा काळ, आता जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा आहे. तो सोसता येतो. लपवलेला आजार मात्र नेमका क्लेमच्या वेळी उघड होतो. आरोग्य विमा सलग ६० महिने चालू राहिल्यावर, सिद्ध झालेल्या फसवणुकीचा अपवाद वगळता, माहिती दडवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, ही तरतूद खऱ्या विस्मृतीला आधार देणारी आहे. तिच्या भरवशावर खोटे लिहिणे शहाणपणाचे नाही.

घराच्या विम्याकडे मात्र कृष्णाकाठच्या माणसानेही दुर्लक्ष करावे, हे आश्चर्यच होय. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी सांगलीत पुराचे पाणी शिरले आणि दर वेळी लोकांनी सरकारी पंचनाम्याची वाट पाहिली. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, भूस्खलन, दंगल इत्यादींपासून घराला संरक्षण देते. येथे सदनिकेची खरेदी किंमत नव्हे, तर ती पुन्हा बांधण्याचा खर्च विमा रक्कम म्हणून धरला जातो. जमीन पुरात वाहून जात नाही आणि जागेचा भाव आगीत जळत नाही. समजा चटईक्षेत्र ७० चौरस मीटर असून बांधकामाचा दर चौरस मीटरला २५,००० रुपये आहे, तर सदनिका ६० लाखांना घेतलेली असली तरी विमा साडेसतरा लाखांचाच उतरवावा लागतो, आणि म्हणूनच हप्ताही धास्ती वाटते त्या मानाने अगदी थोडा येतो. घरातील सामानासाठी इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, परंतु १० लाखांच्या आत, असे संरक्षण आपोआप मिळते. वरील उदाहरणात ते साडेतीन लाख होईल. जुन्या धाटणीच्या पॉलिसीत विमा रक्कम निम्मी धरली असल्यास अंशतः झालेल्या नुकसानीचीही निम्मीच भरपाई मिळत असे. या पॉलिसीत ती अल्पविम्याची कपात काढून टाकलेली आहे. चोरी मात्र पूर किंवा आगीसारखी विमित घटना घडल्यानंतरच्या ७ दिवसांतलीच ग्राह्य असते. एरवीच्या घरफोडीसाठी स्वतंत्र संरक्षण लागते, दागिन्यांचे मूल्य वेगळे ठरवून घ्यावे लागते, आणि भिंतीत वर्षानुवर्षे मुरणाऱ्या ओलीचे पैसे कोणीच देत नाही. सदनिका चौथ्या मजल्यावर असल्याने हे सारे अनावश्यक, हा चिरंजीवाचा युक्तिवाद पुरापुरता मान्य होईल. कोयनेच्या परिसरातील भूकंपाला मजल्यांचा मुलाहिजा नसतो. गृहनिर्माण संस्थेने संपूर्ण इमारतीचा विमा काढला असेल तर सचिवांकडून त्याची प्रत घ्यावी आणि स्वतःपुरता सामानाचाच विमा घ्यावा.

शेवटचा मुद्दा सही करण्याआधीचा आहे. विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्यावर काढलेला विमा १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ताविषयक कायद्यान्वये पत्नी व मुले यांच्या हितार्थ घेतल्यास ती रक्कम त्यांच्यासाठी विश्वस्त निधी ठरते आणि पतीचे धनको तिच्यावर हक्क सांगू शकत नाहीत. धाकट्या भावाच्या व्यवसायकर्जाला चिरंजीव जामीन राहिलेला असल्याने या तरतुदीचे महत्त्व येथे अधिकच आहे. त्यासाठीचा जोडअर्ज प्रस्तावासोबतच द्यावा लागतो, पॉलिसी निघाल्यानंतर ही सोय जोडता येत नाही. तेव्हा मुदत विम्याचा अर्ज सूनबाईंना सोबत बसवून भरावा, आणि एजंटाने तो जोडअर्ज आणलेला नसेल तर त्याला परत पाठवून तो मागवून घ्यावा.

कळावे,
काकांचे आशीर्वाद