स्वयंचलित दाराची परीक्षा

अमेरिकेंत पुष्कळ घरांस लागूनच मोटारीची खोली असते, व तिचें अवजड दार विजेच्या यंत्रानें वरखालीं होतें. अशा दाराखालीं सांपडून मुलें दगावल्यामुळें १ जानेवारी १९९३ पासून तेथें बनणाऱ्या घरगुती यंत्रांस संरक्षक योजना सक्तीची झाली. परंतु योजना असणें निराळें व ती चालू असणें निराळें. म्हणून दरमहा तिची परीक्षा करावी.

प्रथम दाराच्या वाटेंत दीड इंच जाडीची फळी जमिनीवर सपाट ठेवून दार खालीं सोडावें. फळीस लागतांच तें २ सेकंदांत उलट वर गेलें पाहिजे. दुसरी परीक्षा प्रकाशनेत्रांची. हे जमिनीपासून ६ इंचांच्या आंत समोरासमोर बसविलेले असतात. दार उतरत असतां त्यांमधील किरण लांब काठीनें अडवावा. दार लागलेंच माघारें फिरलें पाहिजे. नेत्रांवरील धूळ मऊ फडक्यानें पुसावी.

एका परीक्षेंत जरी दार चुकलें, तरी दुरुस्तीपर्यंत यंत्र वापरूं नये. ताणलेल्या स्प्रिंगांस मात्र आपण हात लावूं नये. तें कसबी कारागिराचें काम होय.

ज्या पालकांचे आप्त तिकडे राहतात, त्यांनीं हें त्यांस अवश्य कळवावें, अशी आमची विनंती आहे. परीक्षेस पांच मिनिटें पुरतात. हयगयीचें मोल मात्र लेंकरांस द्यावें लागतें.