बेसच्या तारा: पाच हजारांत काय बसतं?

बेस गिटारचा आवाज बसला की पोरं आधी पेडलचे भाव बघतात. त्याआधी तारेवरून बोट फिरवा. खरखरीत, काळपट लागली तर दुखणं तिथेच आहे. सुरगाण्याच्या पावसाळ्यात दमट हवा तारेच्या वेढ्यांत शिरते, त्यात घाम मुरतो आणि खणखणीत सूर ढब्ब होतो.

चार तारांच्या नावाजलेल्या संचांचे भाव दुकानागणिक बदलतात, पण अंदाज असा: गोल तारेने गुंडाळलेल्या निकेलच्या राउंडवाउंड 2,000 ते 3,000 रुपये, लेप दिलेल्या 4,500च्या आसपास, सपाट पट्टीने गुंडाळलेल्या फ्लॅटवाउंड 4,000 ते 5,500. स्टीलच्या राउंडवाउंड सर्वांत चकचकीत वाजतात, पण फ्रेट लवकर खातात. फ्रेट बदलायचा खर्च धरला तर त्या स्वस्त नाहीत.

‘रॉकला राउंडवाउंडच हव्यात’ ही समजूत अर्धीच खरी. ‘द हू’च्या जॉन एन्टविसलने 1966 मध्ये रोटोसाउंडकडून पियानोसारख्या झणझणणाऱ्या तारा करून घेतल्या, तेव्हापासून ती रुजली. पण ‘आयर्न मेडन’चा स्टीव्ह हॅरिस फ्लॅटवाउंडवरच वाजवतो. मोटाउनचा जेम्स जेमरसन तर तार तुटल्याशिवाय बदलतच नसे.

आता हिशेब. राउंडवाउंड वर्षात तीनदा बदलल्या तर 2,200च्या दराने 6,600 रुपये. फ्लॅटवाउंडचा 4,500चा संच दोन वर्षं सहज चालतो, म्हणजे वर्षाला 2,250. मूळ चमकच कमी असल्याने जुन्या झाल्या तरी फारसं बिघडत नाही. स्लॅप वाजवणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. बाकीच्यांना माझी शिफारस फ्लॅटवाउंडचीच. आपल्या भागातल्या थाळगानातला थाळीचा घुमारा ऐकत वाढलेल्या कानाला तो गोल खर्ज परका वाटणार नाही.

राउंडवाउंड उकळून घेण्याची जुनी युक्ती फुकटची आहे आणि चालतेही, पण काही दिवसच. नीट वाळल्या नाहीत तर गंज दुप्पट. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसणं त्याहून कामाचं. ब्रिजजवळ तारांखाली गादीच्या स्पंजची पट्टी सरकवली की सूर आखूड, ठोस होतो. जेमरसनच्या बेसलाही असा फोम होता.

मागवताना ‘लाँग स्केल’, म्हणजे 34 इंची बेसच्या तारा आहेत ना, हे पाकिटावर बघा. 45-105 गेज बहुतेकांना पुरतं. बसवताना तार खुंटीपाशी आधी काटकोनात वाकवा, मगच कापा. सरळ तार कापली तर वेढे सैल पडून नवी तारही मुकी होते. एकेक तार काढून तिथेच नवी लावा, म्हणजे मानेवरचा ताण एकदम सुटत नाही.

फ्लॅटवाउंडचा ताण सहसा जास्त असतो, त्यामुळे मान थोडी वाकू शकते. तारा उंच वाटल्या तर नाशिकला सेटिंग करून घ्या. 800 ते 1,500 रुपये धरा. सुरगाण्याहून वाट सुमारे 90 किलोमीटरची आहे, म्हणून फोनवर वेळ ठरवूनच निघा.